पंधराव्या प्रकरणाची दुरुस्ती

प्रिय आबा,

पार्सल मिळालं. स्टँडवरच्या पार्सलवाल्याने लाल नाडी बघून विचारलं, कोर्टाचे कागद का? कादंबरीलाही तुम्ही तशीच नाडी बांधता, वर करकचून गाठ. मी म्हटलं, हो, माझीच केस आहे. तो हसला नाही.

शाळेत बाईंनी वडिलांना 'तीर्थरूप' लिहायला शिकवलं होतं आणि तुम्ही ते खोडून 'आदरणीय' केलं होतं, आपल्याकडे तीर्थ नाही म्हणून. आज मी दोन्ही सोडून 'प्रिय' लिहिलंय. चालवून घ्या.

प्रेसवाल्या हितेंद्रभाऊंना सोमवारी बठ्ठी पानं हवीत, एकही मागे न ठेवता. चौदा प्रकरणं मी देऊन आलो. पंधरावं, मायच्या मरणाचं, अजून माझ्या उशाशी आहे. ते द्यायचं की नाही हे तुमच्याशी बोलल्याशिवाय ठरणार नाही, आणि फोनवरचं आपलं बोलणं तुम्हाला माहीत आहे. जेवलास का, जेवलो, ठेवतो. म्हणून लिहितोय.

चटईच्या कारखान्यात मला आता सहा महिने झाले. एवढा मी कुठेच टिकलो नव्हतो. ना चाळीसगावच्या ढाब्यावर, ना रावेरला केळीच्या गाड्या भरताना. इथे मोराच्या चटया निघतात. मधेच धागा तुटला की मोराला मान येत नाही, मग ती चटई बाजूला टाकतात. माझ्या खोलीतल्या उजैरने तशी एक आणली होती. तो ईदला गावी गेला, तिकडे त्याचं लग्न ठरलं, आणि तो परत आलाच नाही. सामान न्यायलाही भावाला पाठवलं. आता खोलीत मी आणि तो बिनमानेचा मोर. सुट्टीच्या दिवशी स्टेशनवर जाऊन बसतो. कुठे जायचं नसतं, गाड्यांवरच्या पाट्या वाचतो. परवा एक बाई मला कुली समजून 'चला लवकर' म्हणाली आणि बॅग देऊन पुढे चालू लागली. मी नेऊन ठेवली. दिवसभरात माझ्याशी तेवढंच कोणी बोललं होतं.

कुठून कुठे गेलो. तुम्ही समासात लिहिलं असतं, 'मुद्द्याशी संबंध नाही.'

तीस वर्षं कोर्टाबाहेर टेबल मांडून तुम्ही लोकांचे अर्ज टाईप केलेत, आणि बारावीला गटांगळ्या खाल्लेल्या पोराच्या कादंबरीच्या वह्याही टाईप करताना त्याच नजरेने वाचल्यात. पहिल्याच पानावर माझ्या नायकाच्या, विलासच्या नावापुढे तुमची पेन्सिल: 'वय? धंदा? राहणार?' मी लिहिलं होतं, आभाळ रडत होतं. तुम्ही लिहिलंत, 'कोणी पाहिले?' मला राग आला, वही आपटली, मग ते वाक्य काढलं. 'सदर इसम तिसऱ्या प्रकरणात बिनसाखरेचा चहा पितो, नवव्यात दोन चमचे घालतो. खुलासा करावा.' हे वाचून मी जिन्यात एकटाच हसत सुटलो, वरच्या मजल्यावरची म्हातारी डोकावून गेली. मी उत्तर लिहून पाठवलं की नवव्यात त्याला कोणीतरी गोड विचारणारं भेटलंय. तुम्ही खाली लिहिलंत, 'मंजूर.' आबा, एवढं आपण आयुष्यात बोललो नव्हतो. दर पंधरा दिवसांनी पार्सल यायचं तेव्हा मी आधी मजकूर बघायचोच नाही, समास बघायचो.

आठव्या प्रकरणात मी मायच्या तोंडी छापील मराठी घातलं होतं. 'तू कुठे भटकतोस, हे तुझंच घर आहे,' असं काहीतरी. तुम्ही अख्खी ओळ कापलीत. 'ती असं बोलत नव्हती.' आणि वर बारीक अक्षरात लिहिलंत: 'कथा भटकी ऱ्हायना रे भो, घर शे ना आपलं.' मी ते मोठ्याने वाचलं आणि मग खोलीत थांबवेना. चपला न घालताच खाली उतरलो, कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. ती गेल्यापासूनच्या दोन वर्षांत तिचा आवाज मी विसरत चाललो होतो. तुमच्याकडे तो जसाच्या तसा आहे, तिकडे एकटेच ऐकत बसता, हे मला माहीत नव्हतं.

आता पंधरावं. त्यात विलास धावत दवाखान्यात पोचतो. माय त्याच्या हातून दोन घोट पाणी पिते, त्याच्या केसांवरून हात फिरवते, मग जाते. ते तुमच्याकडून स्वच्छ टाईप होऊन आलं. एकही खूण नाही. लिहून खोडलंय का म्हणून मी पान खिडकीशी धरून पाहिलं. मागे तुमची चिठ्ठी टाचलेली होती. 'यात दुरुस्ती नाही. तू वेळेवर पोचलास, असेच राहू दे. रावेरच्या मळ्यात रेंज नव्हती, त्यात तुझा काय दोष.' 'विलास' नाही, 'तू' लिहिलंत. साखरेच्या दोन चमच्यांचा खुलासा मागणाऱ्या माणसाने इथे काहीच विचारलं नाही. हितेंद्रभाऊंना मी ते नुसतं वाचून दाखवलं, तर म्हणतात, कादंबरीत हेच प्रकरण सगळ्यात चांगलं उतरलंय. मी चार दिवस ती चिठ्ठी खिशात घेऊन मागावर उभा आहे. आठ चटया बिघडवल्या.

आबा, रेंज होती. मी रावेरला नव्हतोच. माय गेली त्या दिवशी काम शोधायला चाळीसगावहून शिरपूरला निघालो होतो आणि गाडी बदलायला धुळ्याच्या स्टँडवर उतरलो होतो. दुपारचे साडेतीन. तुमचे सात फोन आले, सातही मी पाहिले. मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी बघितलेल्या वकिलाकडच्या कारकुनाच्या जागेचं विचारताय. नोकरी नाही, हातात काही नाही, घरी तोंड दाखवायचं नव्हतं. फोन खिशात टाकला, शेंगदाण्याची पुडी घेतली आणि शिरपूरच्या गाडीत बसलो. दवाखाना तिथून चालत वीस मिनिटांवर होता. तिथे तुम्ही मायला सांगत होतात, येतोय तो, रस्त्यात शे. दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा तुम्हीच हे मला सांगितलंत आणि मी रावेरचं नाव घेतलं. सोबत पंधरावं प्रकरण नव्याने लिहून पाठवतोय. त्यात विलास स्टँडवरच बसलेला आहे. तुम्ही ते टाईप केलंत तरच पुस्तक निघेल, नाहीतर हितेंद्रभाऊंकडून चौदाही परत आणीन. हे पाकीट शुक्रवारपर्यंत तुमच्या हाती पडेल. रविवारी दुपारच्या गाडीने मी धुळ्याला येतोय. स्टँडवर उतरून तुम्हाला फोन करीन. नाही उचललात तर तोही तुमचा हक्क आहे. तरी मी चालत घरी येईन, आणि तुम्ही दार उघडेपर्यंत पायरीवर बसून राहीन.

तुमचाच, उशिरा का होईना,
धम्मपाल