सहा नंबरच्या बाथरूममधली भिंत

४ एप्रिल
आले एकदाची वेलिनग्रादला! बसमधून उतरले तर हवेत गरम झऱ्यांची वाफ आणि पाइनचा वास. सूतगिरणी बंद पडल्यापासून घरात बसून अंगाला गंज चढला होता. गेस्टहाऊसची मालकीण वासिल्कामावशी दारातच उभी; बाथरूमं घासायला मला तिनेच बोलावलंय. चीज भरलेला गरम बानित्सा आणि वाडगाभर दही पुढ्यात ठेवून म्हणाली, आधी पोटभर खा गं, बाथरूमं कुठे पळून जात नाहीत. सहा खोल्या, सहा बाथरूमं. इथलं पाणी माणसांना औषध, पण टाइल्सचं वैरी; आठवड्यात पांढरा खार चढतो. मावशी फारच गोड बोलते. मालकीण गोड बोलायला लागली की मला आधी संशय येतो.

७ एप्रिल
पाच बाथरूमं हातावेगळी केली. कोमट व्हिनेगरात फडकं भिजवून टाइलवर दहा मिनिटं चिकटवून ठेवलं की खार आपोआप सुटतो. टाइलांमधल्या सांध्यांना मात्र व्हिनेगर नाही, ते सांधे खातं; तिथे खायचा सोडा आणि जुना टूथब्रश. शेवटी रबरी पट्टीने पाणी ओढायचं आणि खिडकी सताड उघडायची. मावशी मागे उभी राहून बघत होती. टाइल्स नव्हे, मला. सहा नंबरला कुलूप आहे. विचारलं तर म्हणाली, मेल्या तिथल्या टाइल्स राहतच नाहीत, तीनदा बसवल्या, तीनदा सगळ्या खाली.

११ एप्रिल
आज मेतोदीदादा मिस्त्री आला. बडबड्या माणूस. म्हणाला, सूतगिरणीवाल्या बाई, तुझी नजर सरळ, जरा या भिंतीसमोर उभी राहा आणि ओळ वाकडी जातेय का सांग. उभी राहिले. खिडकीतलं ऊन पाठीवर होतं. त्याने भिंतीवर वरून खाली दोरा धरला, तोडला, ओल्या सिमेंटात दाबला आणि वर टाइल बसवली. टेप असताना दोरा कशाला, मी हसत विचारलं. जुनी खोड, म्हणाला आणि मान फिरवली. लांब, बोळाच्या अंधारात उभ्या मावशीने छातीवर क्रूस काढला. जेवताना माझ्या ताटात दुप्पट मांस. कुठेतरी पाणी मुरतंय.

१९ एप्रिल
टाइल्स पक्क्या बसल्या. ठोकून पाहिल्या, कुठेही पोकळ आवाज नाही. मावशीने बजावलंय, सहा नंबरला फक्त मऊ फडकं, ब्रश लावायचा नाही, व्हिनेगर तर मुळीच नाही. मला कुणी माझं काम शिकवलेलं खपत नाही. खांद्याच्या उंचीवर एका सांध्यात काळसर डाग होता, तो ब्रशने खसाखसा घासला. माझ्याच खांद्याची अशी आग झाली की मी किंचाळले. ब्लाउज सरकवून आरशात पाहिलं. कातडी सोलली होती, आणि तिच्यावर ब्रशच्या केसांच्या बारीक रेघा.

२० एप्रिल
कळलं. लहानपणी पुलाचं काम चालू असलं की आई मला लांबच्या वाटेने न्यायची. भिंत टिकत नसली की गवंडी एखाद्याची सावली दोऱ्याने मोजतात आणि तो दोरा भिंतीत पुरतात. भिंत टिकते. माणूस चाळीस दिवसांत जातं. आमच्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं! पण ते पुलांसाठी, घराच्या पायासाठी. बाथरूमच्या टाइल्ससाठी कोण करेल, असं मला मूर्खाला वाटलं.
मावशीला तोंडावर विचारलं. तिने नाही म्हटलं नाही. रडत म्हणाली, कुणाची तरी सावली लागणारच होती गं, आणि तुझ्यामागे रडणारं कुणी नाही.
चाळीसावा दिवस २१ मे. मला मरायचं नाही. भीती वाटतेय मला.

५ मे
गावी पळून गेले होते. काही उपयोग नाही. स्वयंपाकघरात कांदा चिरत असताना पाठीवरून गरम पाणी वाहायला लागलं. अंग कोरडं. सहा नंबरमध्ये कुणीतरी आंघोळ करत होतं.
परत आले. हातोडा घेऊन मेतोदीकडे गेले. तो पांढराफटक पडला. भिंत फोडू नकोस, म्हणाला, तूच फुटशील. एकच वाट आहे, दुसऱ्याचं माप आत गेलं की तुझं बाहेर काढता येईल. वर बघत नव्हता. वासिल्काचं घे म्हटलं, तर म्हणाला, ती ऊन असेतो त्या दाराकडे फिरकते का कधी?

१४ मे
मदतीला नवी बाई आली. तोन्का. विधवा, मोठमोठ्याने हसते. पहिल्याच दिवशी माझ्या हातातली बादली ओढून घेतली, ताई, तू बस, तुझ्या अंगात जीव नाही, मी घासते सगळं. माझ्यासाठी बीन्सचं सूप करून आणलं. तिची मुलगी पुढच्या महिन्यात बाळंत होणार.
मेतोदीने नवा दोरा दिला होता. मी तो चुलीत टाकला. मी तसली बाई नाही.

१९ मे
जिना चढवत नाही. अंगणात भर उन्हात उभी राहिले — जमिनीवर सावलीच्या जागी फिकट डाग, तोही मध्येच तुटलेला —
तोन्काने उचलून आत आणलं.

२० मे
मेतोदीने एक टाइल सैल करून ठेवलीय. पुन्हा दोरा दिला. मी मागितला नव्हता.
मागितला होता.

२१ मे
सकाळ. ऊन आलंय. वही बेसिनवर ठेवून लिहितेय. तोन्का फडकं घेऊन भिंतीसमोर, गातेय. पळ म्हणावं तिला. आत्ता. एक शब्द पुरे —
विचारतेय, ताई, डाग कुठाय, नक्की कुठे उभी राहू?
सांगितलं.
आता वही ठेवते, दोरा ताणायला दोन्ही हात —