हलका डोस

रहिमतपूर,
दि. १२ जानेवारी २०२५

प्रिय आक्कास,

ऋषिराजचा नमस्कार. आईचे गुडघे आता बरे आहेत. ऊस तुटून गेला. जतला टँकर वेळेवर येतो का? शिवांजलीची शाळा कशी चालली आहे? तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो. मला तुझ्या रक्तातल्या मूळपेशी देऊन तू न भेटताच निघून गेलीस, त्याला सात महिने झाले.

एक चमत्कारिक गोष्ट सांगायची आहे. तुझ्या लग्नानंतर काळी म्हैस आईशिवाय कुणाला जवळ येऊ देत नव्हती. मी दवाखान्यातून आलो, तोंडाला मास्क, गोठ्यापासून दहा पावलं लांब उभा. तर ती दावं ताणून रेकली, तुला बघून रेकायची तशी. आई हसली. म्हणाली, “आरं, हिला आपली राजी आल्यागत वाटतंय!” मला हसू आलं नाही. त्या महिन्याच्या तपासणीत माझ्या रक्तात शंभरातले सत्त्याण्णव भाग तुझे होते.

दिवाळीनंतर ती माझ्याकडे नुसती बघायला लागली. गेल्या मंगळवारी मला बघून मागे सरली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. अठ्ठ्याहत्तर. माझं जुनं रक्त परत येत आहे, आणि त्याच्याबरोबर कॅन्सरही.

तुझ्या पेशी चढवण्याआधीच्या केमोचा हलका डोस डॉक्टरांनी ठरवला, असं तुला कळवलं होतं. ते खोटं आहे. डॉक्टर म्हणाले होते, “तुम्ही तरुण आहात, कडक केमो घ्या. त्रास होईल, पण आजार परतायची भीती कमी. हलक्यात जुन्या पेशी मागं राहू शकतात.” मी हट्टानं हलका घेतला. सगळ्यांना वाटलं, त्रासाला भ्यालो.

कोरेगावला कचेरीत तू जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही केलीस, तेव्हा बाहेर येऊन मी म्हणालो होतो, “आक्का, आता हितं तुझं काय न्हाई.” त्यानंतर माझं सगळं रक्त तुझं व्हावं, हे मला सोसेना. थोडं तरी माझं राहू दे, म्हटलं. राहिलं ते आजारी निघालं.

तुझ्या थोड्या पांढऱ्या पेशी पुन्हा मिळाल्या तर अजून जमेल, असं डॉक्टर म्हणतात. तू येणार की नाही, ते सोमवारी, २० तारखेला त्यांना सांगायचं आहे. जमीन परत तुझ्या नावावर करतो, असं इथे लिहिलं होतं. खोडलं. बदल्यात दिल्यासारखं दिसलं.

भाकरी थापताना तू गुणगुणायचीस, ते गाणं मला सात महिने आतून ऐकू येतं. कुणाला सांगितलं नव्हतं. आता मधले शब्द गळतात. पुरतं थांबायच्या आत ये.

अजून अठ्ठ्याहत्तर भाग तुझाच,
ऋषिराज