महांतेशच्या नावाला ओ

३ फेब्रुवारी
या घरात पोळपाट नाही! पोरगी वायुदलात लढाऊ विमान उडवते आणि पोळ्या पाकिटातल्या खाते. मला निपाणीहून बेंगळुरूला आणलं ते लाटायलाच असणार. नातीला, शाल्मलीला, तोंडावर बोलले तर हसली. म्हणे, आज्जी, भांडायचं ते या डायरीत भांड. आईविना वाढवलेली पोर, तिच्यापुढं फार ताणता येत नाही.
बाकी क्वार्टर झकास. तिसरा मजला, भरपूर ऊन, शेजार शांत. इथल्या शिवाजीनगरच्या बाजारात जाऊन पोळपाट आणला. रिक्षावाल्यानं स्वल्प पुढं, म्हणजे जरा पुढं, जरा पुढं करत भलतीकडंच उतरवलं. त्यालाही ऐकवलं.

७ फेब्रुवारी
शाल्मलीच्या स्क्वाड्रनचा, म्हणजे विमानांच्या तुकडीचा, आज वाढदिवस. केकसुद्धा कापतात. कृष्णमूर्ती म्हणून निवृत्त साहेब आहेत, चामराजपेटचे, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच मराठी. तुकडीचा इतिहास लिहितायत. अक्का, अक्का करत मला पुढं बसवलं. कुठल्या लढाईत काय पाडलं ते सांगताना छाती फुगली होती. त्यात आपली किती पोरं पडली, ते शेवटी, बारीक आवाजात.
मग त्या मेलेल्यांची नावं वाचली. एकेका नावाला कुणीतरी उठून ‘हजर’ म्हणतं, अशी त्यांची रीत. शेवटचं नाव महांतेश. विमानासकट समुद्रात गेला, सापडलाच नाही. त्याला मात्र सगळे मुके! खानापूरचा पोरगा, आमच्याच बाजूचा. माझं डोकं फिरलं. दुसरीपर्यंतच शिकले, पण नाव पुकारलं की हजर म्हणायचं एवढं कळतं. मी मोठ्यानं म्हटलं, हजर!
केक तसाच राहिला. शाल्मलीनं दंडाला धरून मला घरी आणलं.

९ फेब्रुवारी
कृष्णमूर्ती आले. चहाला हात लावला नाही. त्यांना मूर्ख म्हणायची माझी तयारी होती, पण माणूस सारखा दाराकडं बघत होता. म्हणाले, अक्का, महांतेशच्या नावाला आम्ही मुद्दाम ओ देत नाही. तो येईल म्हणून थांबतो. तो यायचाय तोवर यादी पुढं सरकत नाही. तेव्हापासून तुकडीत एकही पोर गेलं नाही. आता त्याच्या नावाला ओ गेली. आता पुढचं नाव निघणार, तुकडीतल्याच कुणाचं तरी.
अडाणी म्हातारीला कोण आधी सांगतंय! पुढं बसवायचं तेवढं सुचलं.

१२ फेब्रुवारी
दुपारी भात टाकला होता. खाली फाटकाशी कुणी नावं वाचत होतं. तीच, त्याच ओळीनं. एकेकाला उत्तर येई, हजर, हजर. वाकून बघितलं. फाटकाशी कुणी नाही. रस्ता कोरडा, पायरी तेवढी ओली.
महांतेशच्या नावाला उत्तर आलं ते माझ्या आवाजात. मी तर तोंड उघडलं नव्हतं.
मग कागद उलटल्याचा आवाज. मग काही नाही.

१३ फेब्रुवारी
आज जिन्यात. रॉकेलसारखा वास, शाल्मलीच्या विमानातल्या कपड्यांना येतो तसा, आणि खाऱ्या पाण्याचा वास. कागद उलटला, आणि वाचणारा म्हणाला, शा— आणि थांबला. घसा साफ केल्यासारखा.
शाल्मलीला सांगितलं, चार दिवस उडू नकोस. म्हणाली, आज्जी, ड्युटी आहे. मी म्हटलं, तुझ्या ड्युटीला लावते आग. रडले नाही. रडायला वेळ आहे कुणाला.

१४ फेब्रुवारी
भर दुपार. ते नावं वाचणारे आता दारातच आहेत. पोरगी न्हाणीत. फौजेतली जीभ तिची, नाव ऐकलं की आपोआप हजर म्हणेल—
उंबऱ्याखालून पाणी येतंय. खारट.
जो ओ देतो त्याचाच आवाज नेतात. मग माणूसही. एवढं कळलं मला.
महांतेश झाला. कागद उलटला—
न्हाणीच्या दाराशी बसून ओरडतेय, लिहितेय: शाल्मली, नळ जोरात सोड. कान झाक. तुझं नाव घेतलं तरी तू ओ द्यायची नाहीस, ऐकलंस? कृष्णमूर्तीनंही द्यायची नाही, तुझ्या तुकडीच्या साहेबांनीही नाही. या घरात तुझ्या नावालाही हजर म्हणायचं ते फक्त मी, दुसऱ्या कुणीही—