कोऱ्या डिस्कवरचा आवाज

३ मार्च

आज मी ध्वनिवाचनालयात रुजू झाले. मन इतके हलके होते की जिना चढताना एक पायरी गाळली, आणि कुणी पाहिले तर नाही ना, म्हणून मागे वळले. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी येथे पुस्तके आवाजात साठवतात. बाहेरची खोली श्रोत्यांची. आतल्या, ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या भिंतींना जाड रजया ठोकलेल्या आहेत; तेथे आपला श्वासही शेजारी कुणी बसल्यासारखा वाटतो.

वाचनालय बाईंचे. अठरा वर्षे त्यांनी एकटीने वाचले. गेल्या वर्षी गळ्याचे ऑपरेशन झाले आणि आवाज गेला तो गेलाच. आता त्या पाटीवर लिहितात. यादी सांभाळणाऱ्या मावशींनी मला येथील रीत सांगितली: बाईंना एकच गोष्ट दोनदा लिहायला लावायची नाही. त्या विचारतील, आपण मान हलवायची. मान हलली की शब्द दिला, विषय संपला. वर हेही ऐकवले, की पोरगी बोर्डात पहिली आलेली असेल, पण तोंडात मुगाचं पोतंच भरून आलीय वाटतं.

मला ही रीत फार आवडली. 'समजलं का?' या प्रश्नाला मी शाळेत दहा वर्षे मानच हलवत आले आहे.

५ मार्च

सगळी वाचने एका जुन्या लॅपटॉपवर आहेत आणि तो सुरूच होत नाही. पांढरे वर्तुळ फिरत राहते, मग पडदा विझतो, मग पुन्हा वर्तुळ. बाईंनी लिहिले: सिस्टीम नव्याने टाकावी लागेल. येतं तुला? मी मान हलवली. येत नव्हते. वाचून शिकता येईल असे वाटले. आजवर सारे तसेच शिकले.

मग त्यांनी पाटी पुसून लिहिले: माझी वाचनं आधी बाहेर काढून ठेव. दुसरी प्रत नाही. श्रोत्यांना दिलेली मेमरी कार्डे परत आली की पुसून त्यांवर नवे पुस्तक भरतात, हे मावशींनी सांगितले होतेच. पंधरा तारखेला सगळे श्रोते येणार आहेत. वर्षभराने बाईंचा आवाज ऐकायला.

मी पुन्हा मान हलवली.

६ मार्च

दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्ह तयार केला. लॅपटॉप त्यातली नवी सिस्टीम ओळखेना. कोणती कळ दाबून सुरू होण्याचा क्रम बदलायचा हे शोधण्यात सकाळ गेली. तिसऱ्या खेपेला इंग्रजी सूचनांची निळी पाने उघडली. बंद यंत्रातून वाचने बाहेर कशी काढायची, हे मला ठाऊक नव्हते. विचारायला हवे होते. विचारले असते, तर कालची मान खोटी ठरली असती.

डिस्कचे दोन भाग दिसले. नावे नव्हती, फक्त आकडे. मी तर्क केला: सिस्टीम एवढी अवजड, ती मोठ्या भागात असणार. आवाजाला कितीशी जागा लागणार? उत्तरपत्रिकेत मी कधी प्रश्न कोरा सोडला नाही. मोठा भाग पुसला. त्यावर नवी सिस्टीम चढू लागली आणि अर्ध्यावर अडली. मग लहान भागही पुसून पाहिला. आता काळ्या पडद्यावर एकच ओळ आहे: सुरू करण्याजोगे काही सापडले नाही.

दुपारी बाईंनी दारातून पाटी दाखवली: वाचनं सुखरूप?

मी मान हलवली.

८ मार्च

बाई दवाखान्यात गेल्या असताना दुरुस्तीवाल्या काकांना बोलावले. त्यांनी डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडली आणि हसले. म्हणाले, हे तर कोरं करकरीत आहे, कुण्या शहाण्याने पुसलं? मी म्हणाले, ठाऊक नाही. त्यांनी डिस्क माझ्या हातात दिली. मग सांगितले, की पुसल्यावर वर दुसरे लिहिले गेले, आता ब्रह्मदेवालाही काढता येणार नाही. सांगून मोकळी हो पोरी, बाई काही खात नाहीत तुला.

डिस्क माझ्या खणात आहे. लॅपटॉप रिकामा.

९ मार्च

दुपारी आतल्या खोलीत पान उलटल्याचा आवाज झाला. मग घसा खाकरणे. मग एका स्त्रीचा आवाज वाचू लागला: "आज मी ध्वनिवाचनालयात रुजू झाले. मन इतके हलके होते—"

लॅपटॉप मिटलेला होता.

मावशींच्या हातातून यादी पडली. बाई धावत आल्या. त्यांनी शब्द ऐकलेच नसावेत. त्या फक्त आवाज ऐकत होत्या. रडत होत्या. पाटीवर लिहिले: मी अशी वाचायचे, हेच विसरले होते. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताखालून मला नाहीसे व्हायचे होते.

माझ्या या वहीतली तीन तारीख संपली आणि आवाज थांबला.

१२ मार्च

आज आवाजाने पाच तारीख वाचली. एका दिवसाची नोंद, मग दोन दिवस शांतता. बाई आवाजातच इतक्या हरवलेल्या, की त्यात स्वतःला ओळखले नाही. त्यांनी पाटीवर विचारले: कुठलं गं हे पुस्तक? आठवतच नाही. ती मुलगी पुढे काय करते?

पुढची सहा तारीख. पंधराला.

पान फाडावे असे वाटले. तेवढेही धाडस नाही.

१४ मार्च

बाईंसमोर उभी राहिले. सांगण्यासाठी श्वास घेतला— तो आतल्या खोलीत ऐकू आला. माझ्या छातीत काहीच भरले नाही.

तोंड उघडे. बाईंना वाटले, जांभई. हसून म्हणाल्या, म्हणजे लिहिले: दमलीस, घरी जा.

१५ मार्च

सगळे आले आहेत. चाळीस खुर्च्या. बाईंनी स्वतः लॅपटॉप आणून ठेवला. त्यांना त्यांच्याच आवाजात कळणार—

सुरू झाले. "दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्ह तयार केला."

मी आधी सांगायला हवे. निदान आधी. श्वास घेता येत नाही, तो तिकडे वाचण्यात खर्च होतो आहे. म्हणून लिहिते, वही बाईंपुढे धरीन—

श्रोत्यांनी तोंडे लॅपटॉपकडून फिरवली आहेत. माझ्या पेनाच्या आवाजाकडे.

"डिस्कचे दोन भाग दिसले."

बाई अजून हसत आहेत.

"आवाजाला कितीशी—"

बाई, वळून पाहा. ती मुलगी मी. तुमची वाचने मी पु