वासराचा डावा डोळा

हट्टा, ८ जून २००६

प्रिय प्रेमानंद,
जय भीम.

आपल्या बहिणीचा, सपनाचा, एकही फोटो घरात नाही, ही तुझी-माझी सारखीच खंत. तू पाळण्यात होतास, म्हणून तुला माहीत नाही. बाबा चित्रं काढायचे, तेव्हा त्यातल्या जनावराचा एक डोळा नेहमी घरातल्या लेकराकडून काढवून घ्यायचे. वासराचा डावा डोळा सपनानं काढला, जरा वर, तिरका. त्याच महिन्यात ती तापानं गेली.

काल तुझी कार्टून मालिका टीव्हीवर लागली. बाबांच्या चित्रातलं तेच वासरू धावलं, बोललं. शेजारची पोरं ओरडली, "जळबामामा, तुमचं वासरू!"

बाबा पडद्याजवळ सरकले. "डोळा कोनं सरळ केला?"

संगणकावर उजवाच डोळा उलटवून तू डावीकडे बसवलास, हे मला लगेच कळलं. कलावंतांच्या हक्कासाठी सभा गाजवणारी मी म्हणाले, "बाबा, तुमाला बराबर दिसून न्हाई राहिलं."

त्यांनी चष्मा पुसला. परत पुसला.

तुझं पहिलंच काम, म्हणून दोन पत्रं फाडली. हेही टपालात टाकवेलसं वाटत नाही. तरी सांगते, पुढचा भाग करण्याआधी तो डोळा सपनानं काढला तसाच बसव.

तुझी ताई,
आकांक्षा