पाचपैकी तीन

दि. ३ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून पत्र. मी हल्ली नेमकं काय करतो, असं विचारलं होतंस. सकाळी लोकांची कुत्री फिरवतो (खरं तर तीच मला फिरवतात), संध्याकाळी दारोदार जेवण पोचवतो आणि मधल्या वेळात मोबाइलवर बोलावणं येईल त्या घरी जाऊन खोक्यातून आलेली कपाटं जोडतो. परवा एक कपाट इतकं मन लावून जोडलं, की पाठीची फळी आतून पक्की केल्यावर लक्षात आलं, दारं भिंतीकडे आहेत आणि मी आत! घरच्या बाईंनी हसत हसत मला बाहेर काढलं आणि वर पाचपैकी पाच तारे दिले.

हे तारे म्हणजेच आमची अब्रू. ज्याचे तारे सगळ्यात चांगले, त्या जोडाऱ्याला कपाटांचा कारखाना महिनाअखेर कायम नोकरीवर घेणार आहे, आणि सध्या यादीत मी पहिला आहे. तुझा बोक्या आणि कायम नोकरी! कुत्र्यांना सांगून बघितलं, त्यांचाही विश्वास बसला नाही. मला मात्र ती फार हवी आहे गं.

लोभ आहेच, ओरडा जरा कमी असावा.
तुझा,
बोक्या

दि. १२ मार्च

चि. बोक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी शेजारच्या मुलीकडून मोबाइलवर तुलाच रीतसर बोलावलं. तू बस पकडून इथवर आलास, माझं पुस्तकांचं शेल्फ बसवलंस, जेवून गेलास. तू गेल्यावर मी शांतपणे पेपर तपासायला घेतला.

खालची फळी डावीकडे कलते. यायला उशीर केलास. काम करताना शिट्ट्या मारतोस. तरी मन मोठं करून पाचपैकी तीन दिले. साठ टक्के, म्हणजे चक्क प्रथम श्रेणी! जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण तुला प्रथम श्रेणीत आजच पाहिलं. सुधारणेस वाव आहे, असा शेराही लिहिलाय. आता कारखानेवाले तुला कसे घेत नाहीत ते बघतेच. ऊर भरून आला रे.

वेळेवर जेवत जा.
तुझी,
आत्या

दि. १६ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

अगं, काय केलंस हे! इथे पाचाच्या खाली सगळेच नापास. जेवण गार पोचलं तरी लोक पाच देतात. तीन मिळाले म्हणजे गड्याने घरातून काहीतरी उचललं असणार, असं समजतात. एका झटक्यात यादीतून माझं नाव उडालं. प्रथम श्रेणीत नापास होणारा आपल्या अख्ख्या घराण्यात मीच पहिला.

थट्टा करतोय, पण काल खूप रडू आलं. जमलं तर तारे बदल, त्या मुलीला येतं ते. नाहीच जमलं तरी मी रागावलेलो नाही. फळी कलतेच. मला तेव्हाच दिसलं होतं, पण तू वाढायला घेतलं होतंस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
बोक्या

दि. २१ मार्च

चि. बोक्यास,
आशीर्वाद.

तारे बदलायला बसले होते. हातच उठेना. कललेल्या फळीला पाच कसे देऊ? पण घास गोड लागेना. शेवटी काल बसने तुझ्या शहरात आले आणि थेट कारखान्यात गेले. तुझ्या खोलीवर आले नाही, तुला तोंड दाखवायची लाज वाटली.

तिथल्या मुख्य जोडाऱ्याला सांगितलं, की शेल्फचे ते तीन तारे मी दिलेत आणि मी पोराची सख्खी आत्या आहे. बिचाऱ्याने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाला, की सोमवारी त्याला पाठवा, माझ्यासमोर एक कपाट जोडू दे, तारे मी बघणार नाही. तेव्हा जा. वेळेवर जा, आणि शिट्ट्या नकोत.

मी निघाले तर त्याने मागून विचारलं, की बाई, शेल्फ राहू दे बाजूला, पोरगा कसा आहे? तुझ्या तोंडावर हे मी जन्मात बोलले नसते. मी म्हटलं, पैकीच्या पैकी.

तुझी,
आत्या