पोरीचा वाल

आये, तू जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुला वाचताही येत नव्हतं, म्हणून निवांत लिहिते. आमच्या अंगणवाडीमागे आता बाग आहे. तू म्हणाली असतीस, "पोरांना चिखलात लोळवायचा पगार घेतेस काय गो?" घेते. सुपात सगळं बी एकत्र ओतलं की पोरं भेंडी, वाल, काकडी निवडत बसतात. एखादं नाकातही जातं. बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून झाऱ्या केल्यात, त्यातलं पाणी झाडांपेक्षा एकमेकांनाच जास्त मिळतं. बांबूच्या काटक्यांची खोप केली, तिच्यावर वेल चढवले. आत दोघं मावतात आणि सहा जण बसतात. काकडीची कळी वाकड्या बोटाने दाखवायची, सरळ बोटाने ती कुजते, हे तुझंच शिकवलंय. पाहणीला आलेल्या मॅडमनी सरळ बोट दाखवलं, तर पोरं एका सुरात म्हणाली, "बोट वाकवा."

पेरताना ज्याने त्याने आपलं बी निवडायचं. दिवाळीनंतर पाड्यावरची निम्मी घरं भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात, पोरांसकट. त्या पोरांच्या हातात मी भेंडी नाहीतर काकडी सरकवते, जाण्याआधी खायला मिळते. पाच वर्षांच्या एका पोरीने मात्र वालच उचलला. तो उशिरा फुलतो, म्हटलं. "मंग मी थांबन," ती म्हणाली, जसं काही तिला कोणी विचारलं होतं. वेल खोपीच्या टोकाला गेला, फुलाचा पत्ता नाही, आणि भट्टीची गाडी ठरली. पोर खोपीतून बाहेर येईना.

मी तिच्या आईकडे गेले. घरी आजी आहे, पोरीला ठेव, पुढच्या वर्षी शाळा आहे, मी बघीन, असं म्हटलं. ती टोप-भांडी बांधत होती. "तुमी गेल्यात का कदी पोर ठेवून, ताई?" मी नाही म्हटलं, पण माझी आई गेली होती. तू मला मुरबाडला मामाकडे ठेवून भट्टीवर जायचीस आणि म्हणून मी शिकले, हे सांगितलं. तुझ्यावर किती वर्षं राग धरला, ते सांगितलं नाही. तिने पोरीला ठेवलं. लहानपणी मी सगळ्यांना सांगायचे, आईने मागे वळूनही पाहिलं नाही. तीही वळली नाही. पण या वेळी मी गाडीच्या बाजूला उभी होते, तिचं तोंड मला दिसत होतं. माझा राग तिथेच गेला, आये. गाडी आटगावच्या रस्त्याला लागल्यावर मी पोरीला तिच्या आजीकडे घेऊन आले.

रोज संध्याकाळी पोरीच्या आईचा मला फोन येतो. पोर जेवली का, रडते का, काही विचारत नाही. पोरीला बोलवा असंही म्हणत नाही; आवाज ऐकला तर तिला तिथे राहवणार नाही. "वालाला फूल आलं का, ताई?" एवढंच. मामाकडे फोन नव्हता. तू कुणाला काय विचारत होतीस, कोण जाणे.

फूल येऊन आठवडा झाला. मी तिला नाही म्हणते. फुलानंतर ती शेंगेचं विचारेल, शेंग झाली की विचारायला काही उरणार नाही, आणि भट्टी पावसापर्यंत चालते. म्हणून मी रोज खोटं बोलते.